सेट्रिझिन घेऊन टेस्टला जाऊ का?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा मतितार्थ देते. वय छत्तीस. तालुक्याच्या गावातल्या एका बेकरीत दहाएक वर्षं नोकरी. लादी पाव, खारी, टोस्ट आणि दिवाळीत नानकटाई, असं तिथलं काम. आधी ते भट्टीवर होते, गेली तीन वर्षं मैदा चाळणं, मिक्सर आणि टेबल त्यांच्याकडे आहे. दोन वर्षांपासून पहाटे कामाला लागलं की शिंकांचा सपाटा, नाक गळणं, डोळ्यांना खाज. या पावसाळ्यापासून रात्रीचा खोकला आणि छातीत घरघर. गावातल्या डॉक्टरांनी आधी सर्दीच्या गोळ्या आणि मग खोकल्याची औषधं दिली. आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या छातीच्या डॉक्टरांनी दम्याचा पंप सुरू केला आहे आणि ‘मैद्याची ॲलर्जी वाटते, स्किन प्रिक टेस्ट करून घ्या’ असं सांगितलं आहे. गणपतीत आठवडाभर गावी होते तेव्हा पंपाची आठवणही झाली नाही.

बेकरीचे मालक त्यांचे सख्खे मामा. बहिणीच्या लग्नासाठी मामांकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही. मामांचं म्हणणं, ‘टेस्ट करून ये. ॲलर्जी निघाली तर दुसरं काम बघ, नाही निघाली तर ही नाटकं बंद.’ वाचकाला स्वतःला मैद्याची ॲलर्जी असेल असं वाटत नाही, कारण पाव-चपाती रोज खाऊन काही होत नाही. बेकरीतल्या एका सहकाऱ्यानं कानात सांगितलंय की आदल्या दिवशी सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली तर टेस्ट निगेटिव्हच येते. ‘घेऊ का? की टेस्टच टाळू? घरात कमावणारा मी एकटाच आहे,’ असं ते विचारतात.

नमस्कार,

आधी सेट्रिझिनचं सांगते, कारण ते उत्तर सोपं आहे. घेऊ नका. खरं-खोटं वगैरे बाजूला ठेवू, ही युक्ती मुळात चालतच नाही. या टेस्टमध्ये मैद्याच्या थेंबाशेजारी आणखी दोन थेंब असतात. एक नुसत्या सलाईनचा, दुसरा हिस्टामिनचा. ॲलर्जीत खाज सुटते, गांधी उठतात, ते घडवणारं मुख्य रसायन म्हणजे हिस्टामिन. त्या थेंबाखाली ॲलर्जी असो वा नसो, प्रत्येकाच्या हातावर गांध उठायलाच हवी. सेट्रिझिन अंगात असेल तर मैद्याची गांध दबते तशी हिस्टामिनचीही दबते. ते पाहिलं की डॉक्टर सांगतात, ‘गोळी घेऊन आलायत, आठवड्यानं या.’ म्हणजे एक खाडा, एसटीचं भाडं आणि डॉक्टरांचा तुमच्या शब्दावरचा विश्वास, तिन्ही गेलं. आणि समजा घाईघाईत कोणी हिस्टामिनच्या थेंबाकडे नीट पाहिलं नाही आणि तुमच्या हातात ‘निगेटिव्ह’ कागद पडला. त्या कागदाच्या जोरावर मामा तुम्हाला आणखी चार वर्षं मिक्सरवर उभं करतील, आणि तेव्हा तक्रार करायला तुम्हाला तोंड राहणार नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी गाठ सेट्रिझिनची नाही. तुम्ही आणि मामा, दोघांनीही या टेस्टला न्यायाधीश करून टाकलंय. पॉझिटिव्ह आली की नोकरी गेली, निगेटिव्ह आली की तुम्ही खोटे. ही टेस्ट एवढं वजन पेलणारी नाही. ती एकाच छोट्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि तो प्रश्न ‘दमा मैद्यामुळे आहे का’ हा नाही, ‘बेकरी सोडावी का’ हा तर मुळीच नाही.

टेस्टमध्ये होतं काय ते पाहा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूवर पेनानं खुणा करतात. दोन खुणांत किमान दोन सेंटिमीटर अंतर ठेवतात, म्हणजे एकाची गांध दुसरीत मिसळत नाही. प्रत्येक खुणेवर एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब टाकतात आणि थेंबातून त्वचेच्या अगदी वरच्या थराला बारीक टोकानं टोचतात. प्रत्येक थेंबाला नवीन टोक. रक्त येत नाही, आलंच तर टोचणाऱ्याचा हात जड आहे. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. तुमच्या शरीरानं त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार केली असतील तर तिथे डासाच्या चाव्यासारखी फुगीर गांध उठते. सलाईनच्या खुणेपेक्षा ती ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी भरली तर पॉझिटिव्ह. तासाभरात बहुतेक सगळं विरून जातं.

म्हणजे टेस्टनं विचारलं काय, तर ‘या कातडीची या पदार्थाशी ओळख आहे का?’ ओळख असणं आणि त्यामुळे आजारी पडणं यांत अंतर आहे. बेकऱ्यांत आणि पिठाच्या गिरण्यांत असे कितीतरी कामगार सापडतात, ज्यांच्या हातावर गव्हाची गांध उठते पण ज्यांना शिंकही येत नाही. शिवाय गहू शेवटी गवताच्याच कुळातला. एखाद्याला गवताच्या परागकणांची ॲलर्जी असेल तर तेवढ्यानंही गव्हाच्या थेंबाखाली गांध उठू शकते. म्हणून मामांचं ‘निघाली तर दुसरं काम बघ’ हे घाईचं आहे. नुसत्या गांधीवर कोणाची नोकरी काढून घेणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

आणि ‘नाही निघाली तर नाटकं’ हे त्याहून चूक. निगेटिव्ह यायची कारणं बरीच असतात. पिठाचे तयार अर्क सगळ्या कंपन्यांचे सारख्या ताकदीचे नसतात, एकाच माणसाला एका अर्कानं गांध येते आणि दुसऱ्यानं येत नाही असंही होतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेकरीच्या हवेत एकटा मैदा नसतो. पाव फुगावा, मऊ राहावा म्हणून मिक्सरमध्ये चमचाभर ‘इम्प्रूव्हर’ टाकता ना? त्यात बऱ्याचदा बुरशीपासून काढलेलं अल्फा अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. बेकरीवाल्यांचा दमा या एन्झाइममुळेही होतो हे १९८६ साली जर्मन डॉक्टरांनी दाखवून दिलं, आणि नंतर बऱ्याच देशांत तेच दिसलं. तुमची टेस्ट फक्त गव्हाच्या अर्कानं केली आणि दोषी इम्प्रूव्हर असेल, तर कागद निगेटिव्ह येईल आणि दमा आहे तिथेच राहील. सोयाचं पीठ, अंड्याची पावडर, तीळ, जुन्या पोत्यांत वाढणारे डोळ्यांना न दिसणारे माइट, भिंतीच्या फटीतली झुरळं, हे सगळे त्याच रांगेतले संशयित.

म्हणून टेस्टला जाण्याआधी एक काम करा. बेकरीत मिक्सरमध्ये जे जे पडतं त्या प्रत्येक पाकिटाच्या लेबलाचा मोबाईलवर फोटो काढा. इम्प्रूव्हरचा तर नक्कीच. ते फोटो डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, ‘यातलं काय काय तपासता येईल?’ एन्झाइमचा अर्क प्रत्येक क्लिनिकमध्ये मिळेलच असं नाही. मग रक्तातल्या आयजीईची तपासणी हा पर्याय असतो, आणि तिच्यावर सेट्रिझिनचा परिणामही होत नाही. काही ॲलर्जीतज्ज्ञ बेकरीतल्याच पिठाचा नमुना मागवून टोचतात. त्यांनी मागितला तर द्या, पण घरी स्वतःच्या हातावर प्रयोग करू नका. दमा असलेल्या माणसाची टेस्ट ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि ते देणारा डॉक्टर शेजारी असेल तिथेच व्हायला हवी. गंभीर प्रतिक्रिया क्वचित येते, पण येते.

इथे एक सावधगिरीची सूचना, तुम्हालाच नाही, सगळ्यांना. ‘एकाच वेळी शंभर-सव्वाशे ॲलर्जींची टेस्ट, सोबत ॲलर्जी घालवायचे वर्षभराचे थेंब’ अशी पॅकेजं विकली जातात. कामाच्या जागेची शंका असेल तर कामाच्या जागेवरचे पदार्थ आणि नेहमीचे काही, धूळ-माइट, बुरशी, परागकण, झुरळ, एवढे पुरतात. जितके जास्त थेंब तितक्या जास्त निरर्थक गांधी. मग त्या गांधींवरून वांगी बंद, केळी बंद, दूध बंद. ‘आयजीजी’ नावाची वेगळीच प्रतिद्रव्यं मोजून खाण्याची ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्यांचा तर ॲलर्जीच्या निदानाला काहीच उपयोग नाही, मग रिपोर्ट कितीही रंगीत असो.

आता तुमची पाव-चपातीची शंका. ‘खाऊन काही होत नाही, मग ॲलर्जी कशी?’ हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त वाट वेगळी आहे. तुम्ही चपाती खाता तेव्हा गहू भाजलेला असतो आणि तो पोटात जाऊन पचतो. पहाटे पोतं मिक्सरमध्ये उपडं करता तेव्हा तोच गहू कच्चा, बारीक, नाकातून छातीत जातो. श्वासातून होणारा बेकरीचा दमा असलेले बहुतेक लोक आयुष्यभर पाव खातात आणि त्यांना काही होत नाही. त्यामुळे उद्या टेस्टमध्ये गव्हाची गांध उठली तरी घरातली चपाती बंद करू नका. ग्लूटेनमुक्त पिठाच्या मागेही लागू नका. कोणी तसं सुचवलं तर ‘खाऊन मला काय त्रास झालाय?’ एवढंच विचारा.

उलट तुमच्या पत्रात सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही सहज लिहून गेलात: गणपतीत आठवडाभर गावी पंप लागला नाही. इटलीतल्या मोडेना गावचा बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा वैद्य, त्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात बेकरीवाल्यांच्या आणि गिरणीवाल्यांच्या पिठानं भरलेल्या छातीचं वर्णन आहे. पेशंटला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यानं एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? तुम्ही दोन वर्षं सर्दीच्या गोळ्या खाल्ल्यात, तेवढ्यात हा प्रश्न कोणी नीट विचारला असता तर बरं झालं असतं. सव्वातीनशे वर्षं झाली, आपल्या दवाखान्यांत तो अजूनही सवडीनं विचारला जातो.

तो पुरावा पक्का करायचा मार्ग स्वस्त आहे. पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी मेडिकलमध्ये मिळते. जोरात फुंकली की काटा सरकतो आणि छातीतून हवा किती वेगानं निघते ते दिसतं. दिवसातून चार वेळा फुंका: उठल्यावर, काम अर्ध्यावर असताना, सुटल्यावर, झोपताना. दर वेळी तीनदा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. शेजारी त्या दिवशी चाळणीवर होतात की मिक्सरवर की सुट्टी, आणि पंप कधी घेतला, तेही लिहा. किमान चार आठवडे. एका साप्ताहिक सुट्टीत बऱ्याचदा फरक दिसत नाही, सुजलेल्या श्वासनलिकांना सावरायला काही दिवस लागतात. म्हणून त्यात एक सलग मोठी सुट्टी आली तर उत्तम. दिवाळीच्या आधी मामा सुट्टी देणार नाहीत हे मला कळतं, दिवाळीनंतर मागा. या काळात पंपाची मात्रा मनानं कमी-जास्त करू नका, नाहीतर आकडे औषधामुळे हलले की मैद्यामुळे, ते कळणार नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत नोकरी सोडू नका. माझं हे वाक्य तुम्हाला उलटं वाटेल. पण काम सुटलं की ‘कामावर असताना’ हा वहीचा अर्धा भाग कायमचा कोरा राहतो, आणि मग दमा कामामुळे होता हे सिद्ध करणं फार कठीण जातं. अर्थात दम वाढत असेल, बोलताना धाप लागत असेल, तर वही गेली खड्ड्यात, आधी तिथून बाहेर पडा.

टेस्ट, वही, डॉक्टरांची फुंकण्याची मोठी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री, आणि तुमची हकिकत, या चारही गोष्टी एका दिशेनं बोट दाखवू लागल्या की निदान. गांध आणि वही यांत विरोध आला तर मी वहीला जास्त मान देईन. असंही निघू शकतं की दमा तुम्हाला आधीपासूनच होता आणि भट्टीची उष्णता, धूर, पोती उचलण्याचे श्रम यांनी तो फक्त वाढतोय. तसं असेल तर औषध नीट घेऊन, काम थोडं बदलून बहुतेकांचं भागतं.

पण मैद्याची किंवा इम्प्रूव्हरचीच ॲलर्जी ठरली, तर गोड बोलून उपयोग नाही. पंप ओढत त्याच मिक्सरवर उभं राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. पंपानं त्रास झाकला जातो आणि खाली आजार वाढत राहतो. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जितक्या लवकर त्या धुळीतून बाहेर येतो, तितकी पूर्ण बरं होण्याची शक्यता जास्त. उशीर झालेल्या बऱ्याच जणांचा दमा काम सोडल्यावरही मागे राहतो. तुमचा छातीचा त्रास या पावसाळ्यातला आहे, म्हणजे वेळ अजून तुमच्या बाजूनं आहे. इंजेक्शनं किंवा थेंब देऊन मैद्याची ॲलर्जी घालवतो असं कोणी सांगितलं तर त्यावर कामाचा निर्णय टांगून ठेवू नका. गव्हाच्या पिठाबाबत त्या उपचाराचा पुरावा तोकडा आहे.

बाहेर येणं म्हणजे बेकरी सोडणंच असं मात्र नाही, आणि मामांशी बोलायचं ते इथे. माझा सल्ला असा की टेस्टच्या आधी बोला. रिपोर्ट हातात आल्यावर प्रत्येकजण आपापली बाजू घेऊन बसतो. बोलताना ॲलर्जी हा शब्दही नको. ‘मामा, चाळणीच्या वेळी मला त्रास होतो, आपण धूळ कमी करू’ एवढंच म्हणा. धूळ कमी करायला फार पैसे लागत नाहीत. पोतं उंचावरून ओतायचं नाही, पोत्याचं तोंड मिक्सरच्या तळाशी नेऊन पीठ हळू सोडायचं. मिक्सरला झाकण, आणि पीठ पूर्ण भिजेपर्यंत सगळ्यात कमी वेग. टेबलावर मूठमूठ पिठी भुरभुरण्याऐवजी जिथे चालेल तिथे तेलाचा हात. रिकामी पोती झटकायची नाहीत, गुंडाळून ठेवायची. कोरडा झाडू बंद, ओला पोछा किंवा व्हॅक्यूम. कपड्यांवरचं पीठ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची काही ठिकाणी रीत आहे, ती आधी बंद. एक्झॉस्टचा पंखा मिक्सरजवळ, तुमच्या तोंडापासून हवा दूर ओढेल असा. मामांच्या फायद्याचंही त्यात आहे: हवेत उडालेला मैदा पावात जात नाही.

एवढं करूनही, ॲलर्जी पक्की असेल तर तुमच्यापुरतं ते पुरेल याची खात्री देता येत नाही. ब्रिटनमध्ये पिठाच्या धुळीची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरला १० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं सुचवलेली मर्यादा आहे ०.५. तज्ज्ञांतच वीसपट तफावत, आणि एकदा ॲलर्जी जडली की त्याहून कमी धुळीनंही त्रास होऊ शकतो. मास्कचंही तसंच. तोंडावर नीट बसलेला एन-९५ चाळणीच्या वेळी मदत करतो, दाढी असेल तर कडेनं गळतो, आणि भट्टीच्या उकाड्यात कोणी तो पूर्ण पाळी घालत नाही. रुमालानं मैदा अडत नाही. तेव्हा मधला रस्ता म्हणजे पॅकिंग, डिलिव्हरी, दुकानातला गल्ला, ऑर्डरी घेणं, अशा मिक्सरच्या खोलीबाहेरच्या कामावर जाणं. भट्टीवर परत जायचं मनात असेल तर भट्टी आणि मिक्सर एकाच खोलीत आहेत का ते पाहा. ‘भट्टीवर होतो तेव्हा त्रास नव्हता’ यावर फार विसंबू नका. ॲलर्जी जडायला महिने-वर्षं जातात, कदाचित ती तिथेच जडायला लागली असेल. काम बदलल्यावरही वही सुरू ठेवा, आकडे सुधारले नाहीत तर तेव्हा बेकरी सोडण्याचा विचार करावा लागेल.

मामांना रिपोर्ट दाखवायलाच हवा का? नाही. रिपोर्ट तुमचा आहे. डॉक्टरांकडून वेगळी चिठ्ठी मागा: ‘यांना पिठाच्या धुळीच्या कामावर ठेवू नये, अमुक काम करू शकतात.’ मालकाला तेवढं कळणं पुरेसं आहे. उचलीचा हिशेब आणि छातीचा हिशेब एकत्र होऊ देऊ नका. पॅकिंगवर पगार कमी होणार असेल तर हप्ता किती कापायचा हे वेगळं बसून ठरवा, शक्यतो मामींच्या किंवा तुमच्या आईच्या समोर. तुमच्या आईसमोर तिचा भाऊ ‘नाटकं’ हा शब्द सहज वापरणार नाही.

पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि बेकरी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नोंदलेली असेल, तर टेस्ट, औषधं आणि आजारपणाच्या रजेचे पैसे तिथून मिळू शकतात. पगारातून ईएसआयची रक्कम कापली जाते का ते पगाराच्या चिठ्ठीवर पाहा. कामातल्याच घटकामुळे होणारा दमा कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो होता, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. तिथे दावा करायची वेळ आली तर वही आणि तारखा घातलेले कागद कामाला येतील. नातेवाइकाविरुद्ध दावा करा असं मी म्हणत नाही. फक्त हक्क माहीत असलेला भाचा वाटाघाटीला वेगळ्या आवाजात बसतो.

अशी पत्रं इतर धंद्यांतूनही येतात, त्यांच्यासाठी थोडं. ही टेस्ट सगळ्या कामांना लागू पडत नाही. गिरणीतलं पीठ, रबरी हातमोज्यांतलं लॅटेक्स, प्रयोगशाळेतले उंदीर, कोळंबी सोलण्याच्या शेडमधली वाफ, इथे ती उपयोगी आहे. गाड्यांच्या स्प्रे पेंटिंगमधल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनांमुळे किंवा पार्लरमधल्या ब्लीचच्या पावडरीमुळे दमा होतो तेव्हा ती बहुतेक वेळा निगेटिव्ह येते, तिथे वहीच खरी. सिमेंटनं हात फुटणं, केसांच्या डायनं बोटांना इसब होणं, यांची टेस्टच वेगळी. तिला पॅच टेस्ट म्हणतात. पाठीवर पट्ट्या चिकटवून त्या दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. शेतात खुरपताना गाजर गवतानं चेहरा-मान काळवंडून खाजते, तिथेही पॅच टेस्टच. हे गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५० च्या दशकात पुण्यात, त्यामुळे आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना त्याची चांगली ओळख आहे.

टेस्टच्या दिवसाचं आता. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन अशा गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, नेमके दिवस तुमच्या डॉक्टरांना विचारा. सर्दी-खोकल्याच्या बाटल्यांत आणि ‘कोल्ड’च्या गोळ्यांतही अशीच औषधं लपलेली असतात, त्या आठवड्यात मनानं काही घेऊ नका. पंप मात्र बंद करायचा नाही, त्याचा टेस्टवर परिणाम होत नाही आणि तो बंद करणं धोक्याचं आहे. झोपेच्या, नैराश्याच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःहून थांबवू नका. टोचायच्या जागी स्टिरॉइडचं मलम लावू नका. त्या दिवशी छातीत घरघर असेल तर टेस्ट पुढे ढकलायला तुम्हीच सांगा.

आणि टेस्टच्या आधी, नंतर, कधीही, पंप घेऊनही दम खाली बसला नाही, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर पाळी संपायची वाट पाहू नका. पंप पुन्हा घ्या, कोणालातरी सोबत घ्या आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. १०८ ला फोन केलात तर गाडी येते. घरात हे बायकोला आणि बेकरीत शेजारच्या टेबलवरच्या माणसाला आजच सांगून ठेवा.